उपाशी पोटी सिनेमाला जाऊ नका

उदगीरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वय 41, काम बैठं. महिन्यातून एक-दोनदा नवरा-बायको आणि दोन लेकरं गाडीने लातूरला सिनेमाला येतात. तिकिटांपेक्षा खाण्याचं बिल जास्त होतं, हे आता त्यांच्या अंगवळणी पडलंय. परवाच्या तपासणीत एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) 6.1 आलं, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबीही वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, बाहेरचं खाणं कमी करा. त्या विचारतात की सिनेमातलं खाणं खरंच इतकं वाईट असतं का, घरचं आत नेता येतं का, आणि आता घरी टीव्हीपुढेही रात्री काहीतरी कुरकुरीत लागतंच, ती सवय मोडायची कशी.

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात. "अकराला निघतो, तिथे थोडं फिरतो, दोनचा शो असतो." मग तुम्ही चौघं जेवता कधी? सकाळी आठ-नऊला पोहे किंवा मुरमुऱ्यांचं सुशीला झालेलं असणार. त्यानंतर दीड तासाचा प्रवास, मॉलमधली तंगडतोड, आणि पावणेदोनला तुम्ही तापलेल्या लोण्याचा वास सुटलेल्या काउंटरपुढे उभ्या. लेकरांच्या पोटात कावळे ओरडतायत, तुमच्याही. भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा अशी आपल्याकडे म्हणच आहे. अशा वेळी माणूस भाव बघत नाही आणि तेलही बघत नाही.

माझ्याकडे आहारसल्ल्यासाठी येणाऱ्या लोकांत हे मला सतत दिसतं. पुण्या-मुंबईचा माणूस घरी जेवून, पंधरा मिनिटांत थेटरात पोचतो. आपल्याकडे अहमदपूर, निलंगा, औसा, उदगीरच्या माणसाला सिनेमा म्हणजे अख्खा दिवस असतो. नांदेडला येणारी मुखेड-देगलूरची मंडळी असोत की संभाजीनगरला जाणारी पैठण-वैजापूरची, सगळ्यांचं तेच. या दिवसात दुपारचं जेवण कुठे बसतच नाही. ते गळतं आणि त्याची जागा पॉपकॉर्नचा टब आणि कोल्ड्रिंकचा ग्लास घेतात. म्हणजे तुम्ही ज्याला सिनेमाचा खाऊ म्हणताय, तो खरं तर तुमच्या घरादाराचं दुपारचं जेवण आहे. म्हणून "मोह आवरा" असं मी तुम्हाला सांगणार नाही. आधी जेवण जागेवर आणू.

आता पहिला प्रश्न. वाईट असतं का? सगळं सारखं वाईट नसतं, आणि लोक नेमकी चुकीच्या वस्तूची धास्ती घेतात. सगळे पॉपकॉर्नला नावं ठेवतात, शेजारच्या ग्लासाबद्दल कोणी बोलत नाही. तुमच्या रिपोर्टकडे बघून मी पहिली काट मारीन ती कोल्ड्रिंकवर. साध्या कोलात 100 मिलिलिटरला साडेदहा ग्रॅमच्या आसपास साखर असते. अर्ध्या लिटरच्या ग्लासात पन्नास ग्रॅमच्या वर, म्हणजे दहा चहाचे चमचे. बर्फ जास्त घातला तर थोडी कमी, एवढंच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये जी आहारविषयक मार्गदर्शक सूत्रं काढली, त्यात वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवा असं म्हटलंय. एका ग्लासात दोन दिवसांचा कोटा संपला, आणि तोही रिकाम्या पोटी. चावायला काही नाही, तंतू नाहीत, प्रथिनं नाहीत, त्यामुळे ती साखर झपाट्याने रक्तात उतरते. एचबीएवनसी 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरची पायरी. त्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाने रिकाम्या पोटी गोड पेय पिणं, ही दिवसातली सगळ्यात टाळण्यासारखी गोष्ट आहे. ट्रायग्लिसराइड वाढायलाही जास्तीची साखर हातभार लावते.

साखर नसलेला कोला चालेल का, हे तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगते. साखरेच्या हिशोबात तो नक्कीच बरा. पण जिभेची गोडाची मागणी तो तशीच ठेवतो, आणि वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजीचे असे गोड पदार्थ वापरू नका असं जागतिक आरोग्य संघटनेनेही 2023 मध्ये सुचवलंय. मी पाणीच सांगेन.

पॉपकॉर्नचं मात्र मला वाईट वाटतं, कारण मुळात ती चांगली वस्तू आहे. मक्याच्या लाह्या म्हणजे अख्खं धान्य. कोंड्यासकट, भरपूर तंतू असलेलं. दाण्याच्या आत 13-14 टक्के पाणी असतं. दाणा 180 अंशांच्या आसपास तापला की त्या पाण्याच्या वाफेचा दाब टरफलाला सोसवत नाही, ते फुटतं आणि आतलं पीठ फुलून बाहेर येतं. यात तेलाची गरजच नाही. नुसत्या गरम हवेवर फुललेल्या 100 ग्रॅम लाह्यांत साधारण 390 कॅलरी आणि चार-पाच ग्रॅम चरबी असते. त्याच लाह्या तेलात फोडून खारवल्या की 500 कॅलरी, पाव हिश्श्याहून जास्त वजन तेलाचं, आणि दोन ग्रॅमच्या वर मीठ. मिठाची दिवसाची मर्यादाच पाच ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा. वरून "बटर" ओतलं की आकडा आणखी चढतो, आणि ते पिवळं पातळ नेहमी लोणीच असतं असं नाही. बऱ्याचदा रंग आणि वास घातलेलं तेल असतं. विचारून बघा, काउंटरवरचा पोरगा डबा दाखवतो.

ही भानगड फक्त आपल्याकडची नाही. 1994 मध्ये अमेरिकेतल्या एका ग्राहक संस्थेने थिएटरमधले पॉपकॉर्न प्रयोगशाळेत तपासले. त्या वेळी तिथे सर्रास खोबरेल तेलात फोडायचे. मध्यम पुड्यात 37 ग्रॅम संपृक्त चरबी निघाली. दिवसाची मर्यादा तिथे 20 ग्रॅम धरतात. बोभाटा झाला आणि बऱ्याच थिएटरांनी तेल बदललं. गिऱ्हाईक विचारायला लागलं की दुकान बदलतं, ते असं.

नाचोज म्हणजे तळलेल्या मक्याच्या पापड्या आणि त्यावर खारट चीज सॉस. यात मला सांगण्यासारखं काही चांगलं सापडत नाही, सोडून द्या. समोसा निदान ओळखीचा आहे. एक मोठा समोसा अडीचशे-तीनशे कॅलरीचा धरा, एकच खाल्ला तर आभाळ कोसळत नाही. गोड कॅरमल पॉपकॉर्न मात्र साखरेचा पाक चढवलेली मिठाई आहे, तिला लाह्या समजू नका.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या खाद्य विक्रेत्यांनी मेन्यू बोर्डावर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी लिहिणं अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाने जुलै 2022 पासून बंधनकारक आहे. मोठ्या साखळी थिएटरांना हे लागू होतं. भावाच्या शेजारी बारीक अक्षरात तो आकडा असतो. पुढच्या वेळी आधी तो वाचा. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण 2000 कॅलरी लागतात, बैठ्या कामाच्या बाईला त्याहून कमी. हे डोक्यात ठेवून बोर्ड वाचला की मोठा टब आपोआप मोठा दिसायला लागतो.

भावाबद्दल. इतकं महाग का, याचं कारण समजलं की राग कमी होत नाही, पण निर्णय सोपा होतो. तिकिटाच्या पैशात सिनेमाच्या वितरकाचा मोठा वाटा असतो, शिवाय कर. खाण्याच्या पैशात वितरक नाही. त्यामुळे थेटरवाल्याचा खरा नफा काउंटरवर होतो. म्हणून तर लहान आणि मोठ्या टबाच्या भावात थोडाच फरक ठेवतात, कॉम्बो लावतात, "मॅडम, फक्त इतके जास्त दिले की लार्ज" असं विचारायला शिकवतात. ते "फक्त" ऐकून आपल्याला पैसे वाचवल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात आपण नको असलेलं दुप्पट खाणं विकत घेतलेलं असतं. कॉम्बोमध्ये कोल्ड्रिंक जवळजवळ नेहमीच असतं. म्हणून सुटं घ्या. एकच लहान, खारे, "वरून बटर नको, मीठ कमी" असं स्पष्ट सांगून. फोडतानाच मीठ-तेल घातलेलं असेल तर कमी होणार नाही, पण वरचं तरी टळेल.

घरचं नेता येतं का, यावर लोकांचा फार गोंधळ आहे, त्याला कारणही आहे. 2018 च्या पावसाळी अधिवेशनात आपल्या राज्य सरकारने सांगितलं होतं की बाहेरचं खाणं नेण्यावर बंदी नाही. ते लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. पण 3 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जम्मू-काश्मीरच्या एका प्रकरणात निकाल दिला की थिएटर ही खासगी मालमत्ता आहे आणि बाहेरचे पदार्थ आत येऊ द्यायचे की नाही हे मालक ठरवू शकतो. त्याच वेळी दोन गोष्टी मान्य झाल्या: स्वच्छ पिण्याचं पाणी फुकट मिळालं पाहिजे, आणि तान्ह्या बाळासाठी आई-वडिलांनी आणलेलं बेताचं खाणं अडवायचं नाही. तेव्हा दारावरच्या पोराशी भांडू नका, तो नोकरी करतोय. पर्समध्ये लपवून नेऊही नका. लेकरांसमोर ते बरं दिसत नाही. पाणी मात्र हक्काने मागा. बाटली विकत घ्या म्हणाले तर फुकटचं पाणी कुठे आहे ते विचारा. तुमच्या यजमानांना किंवा सोबतच्या कुणाला मधुमेह असेल, इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर त्यांनी ग्लुकोजची पुडी खिशात ठेवायचीच आणि दारावर तसं सांगायचं. साखर फार उतरून घाम, थरथर सुटली तर 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर लगेच, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. अशा वेळी कोल्ड्रिंकची साखरही औषधच असते.

आता सवयीकडे येते, कारण खरी मेख तिथे आहे. 2011 मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सिनेमा बघायला आलेल्या लोकांना पॉपकॉर्न दिले, काहींना ताजे, काहींना आठवडाभराचे शिळे. ज्यांना थिएटरात पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती, त्यांनी शिळेही ताज्याइतकेच खाल्ले, आवडत नसतानाही. तेच पॉपकॉर्न सभा-मीटिंगच्या खोलीत गाण्यांचे व्हिडिओ दाखवताना दिले तेव्हा असं झालं नाही. आणि थिएटरातच, पण नेहमीचा सोडून दुसऱ्या हाताने खायला लावलं, तेव्हाही शिळ्याचं खाणं कमी झालं. हा प्रयोग मी जवळजवळ प्रत्येकाला सांगते, कारण त्याने माणसाच्या मनावरचं ओझं उतरतं. तुमचा निग्रह कमी पडतो असं नाही. अंधार, खुर्ची, पडदा आणि हात यांची एक साखळी बनलेली आहे. जिभेला विचारल्याशिवाय हात टबात जातो. ती साखळी एका जागी तोडली तरी पुरतं.

तोडायची कुठे, ते सांगते. निघण्याआधी अकराला जेवण होत नसेल तर सोबत डबा घ्या. धपाटे आपल्याकडे प्रवासासाठीच तर करतात. ज्वारीचं, बेसनाचं आणि थोडं गव्हाचं पीठ, तीळ, ओवा, मेथी किंवा कोथिंबीर. सोबत घट्ट दही, शेंगदाण्याची चटणी, काकडी. बेसन आणि दही यांनी प्रथिनं मिळतात, पोट तीन-चार तास शांत राहतं. एकच्या सुमाराला, मॉलमध्ये शिरायच्या आधी, गाडीत किंवा वाटेत सावली बघून चौघांनी निवांत खा. घाईत खाऊ नका, वीस मिनिटं द्या. दोनच्या शोला तुम्ही जेवलेल्या असाल आणि काउंटरचा वास तोच असला तरी त्याचं बळ अर्ध्यावर येईल. डबा जमला नाही तर बाहेर साधी थाळी खा. दोन थाळ्यांच्या पैशात काउंटरवर काय येतं ते तुम्हाला माहीत आहे.

मग आत काहीच खायचं नाही का? खा की. लेकरं हिरमुसतील असं काही करू नका. पण सिनेमा सुरू होण्याआधी घेऊ नका, मध्यंतराला घ्या. आधी घेतलेला टब जाहिराती आणि ट्रेलरमध्येच अर्धा होतो आणि मध्यंतराला पुन्हा हात खिशाकडे जातो. मध्यंतराला घेतलं तर वेळही कमी उरतो आणि दुसरी खरेदी होत नाही. एक लहान खारा पुडा, सोबत चार रिकामे कागदी ग्लास मागून घ्या आणि बाहेरच वाटणी करा. प्रत्येकाचा ग्लास त्याचा. मांडीवरच्या सामाईक टबात किती खाल्लं याचा पत्ता कुणालाच लागत नाही. पालकांना माझं आणखी एक सांगणं असतं: "शहाण्यासारखा बसलास तर नाचोज" असं कधी म्हणू नका. खाणं बक्षीस झालं की ते जिभेपेक्षा मनाला जास्त चिकटतं. गाडीत निघतानाच ठरवा, आज काय घ्यायचं ते तुम्ही दोघं भावंडं मिळून निवडा, एकच वस्तू. निवड त्यांची असली की रडारड होत नाही.

पण ताई, एक स्पष्ट बोलते. महिन्यातल्या दोन सिनेमांनी 6.1 होत नाही. ते होतं रोजच्या रात्रीने. तुम्ही शेवटी लिहिलेलं ते "टीव्हीपुढे काहीतरी कुरकुरीत" हाच मला जास्त काळजीचा भाग वाटतो. थेटरातली साखळी तुमच्या दिवाणखान्यात आली आहे: अंधार नाही, पण पडदा आहे, सोफा आहे, मांडीवर शेव-फरसाणाची पिशवी आहे. रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी लागते ती बहुतेक वेळा भूक नसते. खरी भूक असेल तर संध्याकाळचं जेवण तपासा. नुसती पोळी-भाजी असेल तर त्यात वरण किंवा उसळ घट्ट हवी, एक वाटी दही हवं. पोट भरल्यावरही हात मागतोच, तर जागा बदला. टीव्हीपुढे खायचं नाही, खायचं असेल तर उठून स्वयंपाकघरात जाऊन, ताटलीत घेऊन, बसून खायचं. बंदी नाही, फक्त जागा बदलायची. यानेच निम्मं खाणं गळतं, कारण पडद्यापासून उठावंसं वाटत नाही.

आणि कुरकुरीत हवंच तर आपल्या घरात ते आहे. नागपंचमीला आपण ज्वारीच्या लाह्या फोडतो आणि मग वर्षभर विसरतो. ज्वारी स्वच्छ करून त्यावर कोमट पाण्याचा हबका मारा, फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी थोडी वाळू द्या, वरून ओली लागता कामा नये. लोखंडी कढई कडक तापवा, मूठभरच दाणे टाका आणि कापडाच्या बोळ्याने फिरवत राहा. पहिला दाणा तडतडला की झाकण धरा. जास्त दाणे टाकलेत की कढई थंड पडते आणि ज्वारी नुसती भाजली जाते. सगळीच ज्वारी सारखी फुटत नाही, घरात असलेली मूठभर आधी करून बघा. मक्याच्या दाण्यांना तर भिजवणंही नको, जाड बुडाच्या भांड्यात चमचाभर तेलात झाकण लावून फुटतात. न फुटणारे फार राहायला लागले तर दाणे सुकलेत, यापुढे घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. लाह्यांवर तेलाचे चार थेंब, हळद, तिखट, किंचित मीठ. दोन वाट्या माणशी. सोबत मूठभर फुटाणे किंवा भाजलेल्या शेंगा. मूठ तुमची स्वतःची, शेंगदाण्यांत तेल भरपूर असतं. मुरमुऱ्यांचा चिवडा हलका वाटतो, पण मुरमुरा हा तांदूळच आणि तो साखर लवकर वाढवतो. तुमच्यासाठी लाह्या आणि फुटाणेच बरे.

हे किती दिवसांत अंगवळणी पडेल? लंडनमध्ये झालेल्या एका अभ्यासात नवी सवय आपोआप घडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18 दिवस पुरले, कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही, हेही त्यातच दिसलं. तेव्हा एखाद्या रात्री फरसाणाची पिशवी उघडलीत तर दुसऱ्या दिवशी उपास धरू नका. उपाशी राहिलात की तिसऱ्या दिवशी दुप्पट खाल. नेहमीचं जेवण जेवा आणि ताटली घेऊन स्वयंपाकघरात बसायचं पुन्हा सुरू करा.

जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालायचं, तेही सांगून ठेवते. सिनेमा सुटल्यावर थेट गाडीत बसू नका, आधी थोडी पायपीट करा. घरी रात्रीच्या जेवणानंतर मालिका लागायच्या आधी एक फेरी मारा. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, औषधासारखं काम होतं.

एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, म्हणून त्याआधी पुन्हा तपासून जीव टांगणीला लावू नका. तीन महिन्यांनी ते आणि उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड करून घ्या. तोवर महिन्याला एकदा कमरेचं माप बेंबीच्या पातळीवर घेऊन लिहून ठेवा. आपल्याकडच्या बायकांसाठी 80 सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी 90 ही मर्यादा धरतात. यजमानांचंही घ्या. रिपोर्ट आल्यावर दोन्ही मापं, आणि रात्री टीव्हीपुढे काय खाल्लं त्याची एका आठवड्याची खरीखुरी नोंद सोबत पाठवा. त्यावरून संध्याकाळच्या जेवणात काय वाढवायचं, ते मी तुम्हाला नीट सांगू शकेन.